मनगटावरचं भस्म

दोन हजार अकरा सालचा आषाढ होता. पुण्यात कोथरूडला माझ्या लेकीच्या, मेधाच्या घरी मी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते आणि माझ्या विहीणबाई, गोदाताई मोहरील, कढत पाण्याची परात घेऊन माझ्यापुढे जमिनीवर बसल्या होत्या.

"पाय पुढे करा."

"अहो, राहू द्या. मेधा आली की धुईल ती."

"मेधा येणार दिवेलागणीला. तोवर पाणी काय तापवतच बसू? वाकायची मनाई तुम्हाला आहे, मला नाही. करा नं पुढे."

जांघेतल्या शिरेतून नळ्या घालून माझ्या हृदयावर उपाय झाला होता, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. जांघ अजून काळीनिळी होती. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गोदाताईंनी माझ्या होकाराची वाट पाहिली नाही. एकेक पाय धरून परातीत ठेवला, तांब्यानं पाणी ओतलं आणि मान वर न करता विचारलं, "पाणी गार तर नाही?"

मी चमकले. हे त्या सहज म्हणाल्या की मुद्दाम, ते त्यांच्या पांढऱ्या भांगाकडे बघून कळायला मार्ग नव्हता.

त्याआधी बारा वर्षं, मेधाच्या लग्नात, दापोलीच्या मांडवात मी या बाईंचे पाय धुतले होते. मुलीच्या आईनं मुलाच्या आईचे पाय धुवायचे, अशी रीत. मला ती पटत नव्हती. शाळेत भूगोल शिकवणारी बाई मी, कुणाचे पाय म्हणून काय धुवायचे? पण मोहरीलांकडची वडीलधारी मंडळी बसली होती आणि माझ्या यजमानांनी डोळ्यांनीच 'करून टाक' म्हटलं, म्हणून पदर खोचून बसले. भोवती बायकांचा हा घोळका. मी पहिला तांब्या ओतला, आणि गोदाताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाणी गार आहे." मी खालमानेनं उठले, परसातल्या बंबातलं पाणी आणायला गेले. परत येते तो पाट रिकामा. विहीणबाई उठून गेलेल्या! कढत पाण्याची कळशी घेऊन मी मांडवात उभी, आणि आमच्याकडच्या बायका माझ्याकडे बघतायत. दापोलीला पुढे वर्षभर बोलायला तेवढं पुरलं.

तेव्हा त्या आषाढात मी नुसती परातीकडे बघत राहिले. पाणी खरं तर छान होतं, तळव्यांना हवंहवंसं वाटत होतं. ते मी सांगितलं नाही.

माझ्या दुखण्याचं नाव ॲट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या कप्प्यात वीज भलत्याच वाटांनी धावते आणि ठोक्यांचा मेळ सुटतो. हर्णैच्या बंदरावर टोपलीतली मासळी तडफडते ना, तसं काहीतरी माझ्या बरगड्यांखाली एकाएकी सुरू व्हायचं. कधी घटकाभरानं थांबायचं, कधी दोन-दोन दिवस चालायचं. काही वर्षं गोळ्यांवर काढली. शेवटी पुण्याचे डॉक्टर सबनीस म्हणाले, "आजी, त्या भलत्या वाटा आपण आतून डागून टाकू." आणि डागल्या. तरुण, हसतमुख माणूस. घरी सोडताना म्हणाले, "पहिले तीन महिने मधूनमधून अडखळेल. त्यावरून उपाय फसला असं समजायचं नाही. आतली जखम भरत असते."

त्यातलं 'अडखळेल' एवढंच मी ऐकलं.

घरी आल्यापासून माझ्या उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर जी बसली ती बसलीच. चहा गार व्हायचा, बातम्या कानावरून जायच्या, नात शाळेतलं काहीबाही सांगायची आणि मी 'हं हं' करत नाडी बघत असायची. एखादा ठोका मागेपुढे झाला की घास हातातच राहायचा. मला वाटायचं, मी लक्ष काढलं की हे थांबेल. जणू मी बघत होते म्हणूनच ते चाललं होतं.

आणि याच भीतीत मी दापोलीचं घर विकायला काढलं होतं. जालगावच्या वाटेवरचं जांभ्या दगडाचं आमचं चार खोल्यांचं घर, आम्ही दोघांनी पगारातून बांधलेलं. हे गेल्यावरही मी तिथेच राहिले. विहिरीवर पहाटे रहाट ओढायची, ओट्यावर संध्याकाळी आळीतल्या बायका जमायच्या, नववी-दहावीच्या मुली नकाशे घेऊन यायच्या. त्या घरात मी कुणाची आई नव्हते, कुणाची सासू नव्हते, परचुरेबाई होते. पण असल्या बेभरवशाच्या हृदयाला घेऊन एकटीनं राहायचं कसं? शेजारच्या बेंडलांचा पुतण्या घर घ्यायला तयार होता. दसऱ्याला होकार कळवायचं ठरलं होतं. मेधा म्हणाली, "आई, घाई नको." मी म्हटलं, "घाई माझ्या हृदयाला आहे."

मेधाची रजा संपली तशी श्रीरंगनं, जावयानं, यवतमाळहून आपल्या आईला बोलावून घेतलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं.

आमचं जमणं कठीणच होतं. त्यांना तिखटाशिवाय घास उतरत नसे, मला तिखटानं ठसका लागे. पहिल्याच दिवशी माझ्या हातचं नव्हे, मेधाच्या हातचं वरण चाखून त्या म्हणाल्या, "गूळ घातला का बाप्पा वरणात?"

"आमच्याकडे घालतात."

"मग पक्वान्नात काय मीठ घालता?"

मी ताट सरकवलं. रक्त पातळ राहावं म्हणून मला गोळी चालू होती, पालेभाजी रोज साधारण सारखीच खायची, एक दिवस ढीगभर आणि एक दिवस काहीच नाही असं चालायचं नाही, असा नियम होता. गोदाताईंनी तो असा काही मनावर घेतला की माझ्या पानात मेथीची भाजी वाढताना त्या जणू औषध मोजत. मी म्हटलं, "अहो, एखादं पान इकडेतिकडे झालं तर मी मरणार नाही."

"मरणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे तं मग दिवसभर मनगट काहून धरून बसता?"

मी हात पदराखाली घेतला.

चातुर्मास लागला आणि एका दुपारी गोदाताईंनी पलंगाखालून एक गाठोडं ओढलं. ते सोडलं तर आत कापूस. सरकी काढलेला, स्वच्छ, शुभ्र. खोलीत जणू ढग उतरला.

"यवतमाळचा आहे," त्या म्हणाल्या. "नवस केला होता मी. तुमचं सुखरूप पार पडलं तं लाख वाती लावीन म्हणून. आता पार पडलं. पण माझी बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. चातुर्मासात माझ्या एकटीनं होणार नाही."

मला कानकोंडं झालं. ज्या बाईचा मी एक तप राग धरला, तिनं माझ्यासाठी नवस करावा?

"माझ्यासाठी कशाला नवस केलात?"

"माझ्या सुनेची आई आहात. ती रडली तर माझा मुलगा जेवत नाही. मुलगा जेवला नाही तं मला कसं चालेल? घ्या, बसा. फुलवाती करता येतात नं?"

"कोकणात काय विजेवर आरती करतात?"

मग आमची दुपारची बैठक सुरू झाली. कापसाचा पुंजका घ्यायचा, डाव्या तळव्यावर पसरायचा, मध्यभागी चिमटीत धरायचा आणि भस्म लावलेल्या बोटांनी शेंडी पिळायची. भस्मामुळे बोट घसरत नाही, पीळ घट्ट बसतो. दोन्ही हात लागतात. पहिल्याच दिवशी गोदाताईंनी अट सांगितली.

"एक नेम पाळावा लागेल. वाती करताना अंगाला हात लावायचा नाही. नाकाला नाही, केसाला नाही, हाताला नाही. लागला तं त्या बैठकीच्या सगळ्या वाती बाद."

"हे कुणी सांगितलं?"

"आमच्याकडची रीत आहे."

"आमच्याकडे नाही असलं काही."

"तुमच्याकडे वरणात गूळ घालतात. म्हणून मी वरण खायचं सोडलं का?"

आमच्या मुलखाच्या रीती वेगळ्या, त्यांच्या वेगळ्या. लग्नात तेवढं मी शिकले होतेच. मी मान्य केलं.

दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी माझा सुरेख ढीग झाला होता. मी मनातून खूष होते. गोदाताईंनी चष्मा नाकावर घेऊन माझ्याकडे पाहिलं. "डावा हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा नं."

मी हात पुढे केला. मनगटावर, नेमक्या जागी, भस्माचे दोन पांढरे ठिपके. बोटांचे ठसेच. मी कधी नाडी धरली ते माझं मलाही कळलं नव्हतं.

"बाद," गोदाताई म्हणाल्या आणि माझा सगळा ढीग उचलून त्यांनी एका वेगळ्या पिशवीत टाकला.

"अहो! सगळ्या? इतक्या चांगल्या जमल्या होत्या!"

"नवसाला खोट नको."

मी जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले. स्वतःचा पेपर असा शून्य गुण देऊन बाजूला गेलेला मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी मी नेटानं बसले. मनगटाची ओढ लागायची. बोटं शिवशिवायची, एखाद्याची विड्याची सवय सुटताना होते तशी. पण समोर ती बाई चष्म्यावरून बघत बसलेली! ती बाद पिशवी फुगत गेली खरी, पण हळूहळू. श्रावण सरता सरता असे दिवस येऊ लागले की बैठक संपल्यावर मनगट कोरं असायचं.

बोलणं अर्थातच व्हायचं. एवढा वेळ दोन बायका गप्प कशा बसणार? त्या कपाशीच्या गाड्यांबद्दल सांगायच्या. यवतमाळच्या जिनिंगपुढे, सरकी काढायच्या कारखान्यापुढे, गाड्यांची रांग लागायची, हवेत कापूस उडायचा आणि दिवाळीपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. त्यांचे यजमान त्याच जिनिंगमध्ये हिशेबनीस. मी समुद्र सांगायची. त्या म्हणाल्या, "एवढं पाणी पाहून भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "एवढं तिखट खाऊन तुम्हाला नाही वाटत?" लग्नाचा विषय मात्र आम्ही दोघी जपून टाळायचो, फरशीवरची ओल टाळावी तसा.

भाद्रपदातली ती दुपार. गौरी-गणपती होऊन गेले होते. मेधा आणि श्रीरंग कामावर, नात शाळेत. आम्ही वाती करत होतो आणि कसलंही कारण नसताना माझ्या छातीत ती टोपली उपडी झाली. तडफड सुरू. हातातली वात गळून पडली.

"गोदाताई, आलं."

"काय आलं?"

"तेच. परत आलं. फसला उपाय. मी म्हटलं नव्हतं?" माझी बोटं मनगटाकडे गेली.

गोदाताई उठल्या. हात धुतले नाहीत, तशाच पांढऱ्या बोटांनी त्यांनी फ्रिजवर चिकटवलेला नंबर बघून डॉक्टर सबनिसांना फोन लावला. पलीकडून प्रश्न येत होते आणि त्या मला विचारत होत्या : "चक्कर येते? छातीत दुखतं? धाप? जीभ जड? हातापायाला मुंग्या?" सगळ्याला मी नाही म्हटलं. खरंच नव्हतं. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेली गोळी घ्यायला सांगितली, स्वस्थ बसायला सांगितलं. यातलं काहीही सुरू झालं तर तडक दवाखान्यात या, नाही तर उद्या सकाळी येऊन ईसीजीची पट्टी काढून जा. गोदाताईंनी गोळी दिली, रिक्षावाल्याला फोन करून खाली थांबून राहायला सांगितलं, माझ्यासमोर बसल्या आणि कापसाचा पुंजका माझ्या हातात दिला.

"करा."

मला राग आला. "तुम्हाला वाती सुचतात? इथे माझा जीव चाललाय!"

"डॉक्टर म्हणाले स्वस्थ बसा. स्वस्थच बसवून राहिले मी. करा."

"तुम्हाला कुणाची पर्वाच नाही. कधीच नव्हती!"

"असं? कधी नव्हती?"

बस्स. बारा वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर पडलं. "मांडवात नव्हती! मी तुमच्या पायाशी बसले होते. साठ-सत्तर बायकांसमोर 'पाणी गार आहे' म्हणालात. मी पळत जाऊन कढत पाणी आणलं, तर तुम्ही निघून गेलेल्या! अहो, एवढा तोरा? माझ्या आईनं माझ्या सासूचे पाय धुतले तेव्हा सासूनं तिला हात धरून उठवलं होतं. तुम्ही तर थांबलासुद्धा नाहीत!"

मला वाटलं, त्या उसळतील. पण त्या हातातला कापूस पिंजत राहिल्या. मग म्हणाल्या, "मांडवाच्या कडेला आमचे हे खुर्चीत बसले होते. आठवतात?"

आठवत होते. व्याही पाहावं तेव्हा एका खुर्चीत बसलेले असायचे, फोटोलाही उठले नव्हते. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं. आम्ही त्याला वराकडचा ताठा समजलो होतो.

"त्यांना एक झटका येऊन गेला होता, लग्नाच्या आदल्या वर्षी," गोदाताई म्हणाल्या. "डॉक्टरनं सांगितलं, बरे झाले, हिंडाफिरा. पण त्यांनी नाडी धरली ती सोडलीच नाही. दुसऱ्या हातात घड्याळ. तुम्ही पहिला तांब्या ओतला तेव्हा मी समोर पाहिलं. ते उभे राहून माझ्याकडे पाहून राहिले होते, चेहरा पांढराफटक. काय झालं ते मला ओरडून विचारता येईना. लग्नघरात बातमी झाली असती, मुलाचा बाप आजारी म्हणून. आणि तुम्ही पाय धुवून राहिल्या, मला उठता येईना. मला एवढंच सुचलं. पाणी गार म्हटलं की तुम्ही आत जाल आणि मी त्यांच्याकडे जाईन."

माझी बोटं पिळता पिळता थांबली होती. "मग? काय झालं होतं त्यांना?"

"काही नाही. दोन ठोके चुकले म्हणे. त्यांना पाणी पाजलं, बाजूला नेऊन बसवलं. येऊन पाहते तं तुम्ही कळशी घेऊन उभ्या. तुमचं तोंड पाहून सांगायची हिंमत झाली नाही. मग रोज वाटायचं सांगू, आणि रोज लांबलं."

"मग पुढे... ते गेले, ते तेव्हा..."

"तेव्हा कुठले? त्यानंतर कितीतरी वर्षं होते. पण कुठे होते? त्या खुर्चीत. श्रीरंगच्या मुलीला त्यांनी मांडीवर घेतलं नाही. एक हात मनगटावर, मग पोरीला धरायला हात कुठून आणायचा? शेताच्या वाटेला गेले नाहीत, भावाच्या घरी गेले नाहीत, माझ्यासंगं दोन शब्द बोलले तं मधेच गप्प व्हायचे, मोजायला लागायचे. आणि गेले कशानं? काविळीनं! हृदय तं शेवटच्या दिवसापर्यंत चालू होतं बाप्पा. तेच सगळ्यात शेवटी थांबलं."

त्या हसल्या, पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि भस्माच्या बोटांनी पुसता येत नव्हतं. नेम होता ना! मी माझ्या पदरानं त्यांचे डोळे पुसले.

"बाद झाल्या तुमच्या वाती," त्या म्हणाल्या.

"होऊ देत."

आम्ही किती वेळ तशा बसलो होतो कुणास ठाऊक. त्या एकदम म्हणाल्या, "आता कसं आहे?"

"काय?"

"अहो, छातीत!"

मी थबकले. तडफड नव्हती. कधी थांबली होती ते मला कळलंच नव्हतं. मी बघत नव्हते आणि तरी ते आपलं आपण चालत राहिलं होतं, सरळ, शहाण्यासारखं. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. गोदाताई गॅलरीतून ओरडल्या, "जा रे बाबा, नको आता!" मग मागे वळून म्हणाल्या, "नाही तं थांब, चहा पिऊन जा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सबनिसांनी पट्टी काढून पाहिली, पुन्हा तेच सांगितलं, की डागलेल्या जागा भरताना असं होतं. यावेळी मी पूर्ण ऐकलं.

नवरात्र तोंडावर आलं तसं मी एका सुट्टीच्या दिवशी जेवताना म्हटलं, "गोदाताई, वातींचं उद्यापन कधी? तूप आणायला हवं. लाख तर काही झाल्या नसतील, पण गुरुजींना विचारू, पुढच्या वर्षावर ढकलता येतं का."

श्रीरंगनं वाटीतून तोंड वर काढलं. "कसलं उद्यापन?"

"तुझ्या आईनं नवस केलाय माझ्यासाठी. लाख वातींचा."

तो एवढ्यानं हसला की त्याला ठसका लागला. "आईनं? नवस? अहो आई, आमची आई देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी राहते. बाबा गेल्यापासून तिनं घरात निरांजन लावलेलं मी पाहिलं नाही!"

मी गोदाताईंकडे पाहिलं. त्या मन लावून भात कालवत होत्या.

जेवणं झाल्यावर मी त्यांना गॅलरीत गाठलं. "नवस नव्हता?"

"नव्हता."

"आणि अंगाला हात लावायचा नाही, ती रीत?"

"अशी रीत असती तं डास चावला की सगळ्या लाख बाद झाल्या असत्या."

"आणि मी वेड्यासारखी दोन महिने..."

"दोन महिने तुमचे दोन्ही हात कामात होते," त्या म्हणाल्या. मग रस्त्याकडे बघत, हळू आवाजात, "ते खुर्चीत बसायचे तेव्हा मी त्यांच्यावर रागावले. रडले. देवाला बोलले. पण त्यांच्या हातात काहीतरी द्यावं, हे मला कधी सुचलंच नाही हो. घरात एवढा कापूस! तुम्हाला इथे मनगट धरून बसलेलं पाहिलं, तेव्हा सुचलं, आणि यवतमाळहून कापूस मागवून घेतला."

मी त्यांचा हात धरला. 

मग त्या म्हणाल्या, "घर विकायचं तं विका, विहीणबाई. तुमचं घर आहे. पण भिऊन नका विकू. आमचे हे भिऊन खुर्चीत बसले, ते मग उठलेच नाहीत."

दसऱ्याला मी बेंडलांच्या पुतण्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. दिवाळी झाल्यावर श्रीरंगच्या गाडीतून दापोलीला गेले. गोदाताई सोबत होत्या. त्यांनी समुद्र पाहिला, घाबरल्या, आणि पुन्हा पुन्हा पाहायला गेल्या. माझ्या ओट्यावर बसून आळीतल्या बायकांना त्यांनी स्वतःच सांगितलं, की लग्नात मांडवातून त्या का उठून गेल्या होत्या. जाताना ती बाद वातींची पिशवी देवघरात ठेवून गेल्या. "तुमच्याच आहेत. तुम्ही लावा."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी ऐंशी ओलांडली. डॉक्टर सबनीस आता मोठ्या पदावर आहेत, केस पांढरे झालेत, पण मला अजून 'आजी'च म्हणतात. मेधा आणि श्रीरंग नोकरीतून मोकळे व्हायच्या बेतात आहेत आणि दापोलीला यायचं म्हणतात. म्हणू देत. नात डेहराडूनला आहे, जंगलांचे नकाशे काढते, आणि ते माझ्याकडून तिच्यात आलं असं मी सगळ्यांना सांगते. बेंडलांच्या पुतण्यानं शेजारीच घर बांधलं आणि माझा रहाट तोच दुरुस्त करतो.

माझं हृदय सहा-सात वर्षं अगदी सरळ चाललं. मग पुन्हा अधूनमधून अडखळू लागलं. डॉक्टर म्हणाले, परत डागता येईल, पण या वयात गोळ्यांवर निभतंय तर निभू द्या. निभतंय. रक्त पातळ करायची गोळी नेमानं घेते, मेथी नेमानं खाते, आणि टोपली उपडी झाली की गोळी घेऊन कापूस काढते. बहुतेकदा वाटीभर वाती होईपर्यंत मासळी शांत होते. नाही झाली तर पुतण्याला हाक मारते. बाद पिशवीतल्या वाती कधीच्या संपल्या. आता मी केलेल्या आळीत सगळ्यांच्या देवघरात जळतात.

गोदाताई दोन हजार एकोणीस साली, माघात गेल्या. त्यांनी अंथरूण धरलंय असं कळलं, तेव्हा मेधा म्हणाली, "आई, यवतमाळ फार लांब पडतं तुला." मी गेले. दापोलीहून पुणे, पुण्याहून पुढे रेल्वे, आणि वाटेत हृदय दोनदा अडखळलं तेव्हा डब्यातल्या एका लहान मुलीला वाती वळायला शिकवल्या.

गोदाताई पलंगावर खूप लहान दिसत होत्या. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. मी न्हाणीघरातून कढत पाण्याची परात आणली, त्यांना आधार देऊन बसवलं आणि खाली जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. त्यांचे पाय परातीत ठेवले. पाणी मी कोपर घालून तपासलं होतं, अगदी हवं तसं होतं.

"पाणी गार तर नाही?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओठांच्या कडा हलल्या.

"गार आहे," गोदाताई म्हणाल्या. आणि मी उठून जाऊ नये म्हणून माझा हात घट्ट धरून ठेवला.